हिमचादरीचा भार आणि वर येणारी भूमी

स्वीडनमधील लुलेओ हे बंदर १६२१ मध्ये वसले आणि १६४९ मध्येच ते समुद्राच्या दिशेने पुढे न्यावे लागले, कारण जुने बंदर गलबतांसाठी फार उथळ झाले होते. त्याच आखातातील एका खडकावर खगोलशास्त्रज्ञ सेल्सियस यांनी १७३१ मध्ये जलपातळीची खूण कोरवून घेतली. पाणी ओसरते आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. निरीक्षण अचूक होते. कारण मात्र निराळे होते. पाणी ओसरत नव्हते, भूमी वर येत होती. तिच्या मुळाशी प्राचीन बर्फाचा भार आहे, हा विचार स्कॉटलंडचे टॉमस जेमीसन यांनी १८६५ मध्ये मांडला.

सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी त्या प्रदेशावर जवळजवळ तीन किलोमीटर जाडीची हिमचादर होती. भूकवचाखालील प्रावरण घनरूप असले, तरी दीर्घकाळ दाब पडल्यास ते अत्यंत मंद गतीने वाहते. बर्फाच्या भाराने भूकवच खचले व खालचे प्रावरण बाजूला सरकले. बर्फ वितळला, भार उतरला. पण प्रावरण सावकाश परतत असल्याने आखाताचा किनारा आजही वर्षाला सुमारे एक सेंटिमीटर उंचावतो. तेथील प्राचीन समुद्ररेषा आज २८६ मीटर उंचीवर आढळते.

पश्चिम अंटार्क्टिकात हीच क्रिया आज वेगाने घडत आहे. तेथील हिमचादरीचा तळ बहुतांशी समुद्रसपाटीखाली असल्याने उबदार सागरी पाणी तिला खालून पोखरते. प्रावरण तुलनेने मऊ असल्यामुळे अमुंडसेन समुद्राजवळची भूमी काही ठिकाणी वर्षाला ४१ मिलिमीटर उचलली जात असल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांतून दिसले. उंचावणारा तळ बर्फाला आधार देतो व समुद्राच्या पाण्यापासून काहीसा दूर ठेवतो.

परंतु या आधाराला मर्यादा आहे. २०२४ मधील एका अभ्यासानुसार, उत्सर्जन कमी राहिल्यास भूमीच्या या उठावामुळे सागरपातळीच्या वाढीतील अंटार्क्टिकाचा वाटा ४० टक्क्यांपर्यंत घटू शकतो. उत्सर्जन बेसुमार राहिले, तर बर्फ भूमीपेक्षा वेगाने मागे हटेल आणि उंचावणारा सागरतळ उलट पाणी बाहेर ढकलील. ते पाणी दूरच्या किनाऱ्यांवर चढेल. आपले कोकणही त्यास अपवाद नाही. एकाच नैसर्गिक नियमाचे हे दोन परिणाम आहेत. त्यांपैकी कोणता वाट्यास येईल, हे मानवी वर्तनावर अवलंबून आहे.