शुक्रवारचे चार खेळ

सकाळी ७.००

शुक्रवारी उठल्याउठल्या ऑपरेटरला फोन. प्रश्न एकच, चावी आली का?

सिनेमा मधल्या वारीच येऊन आमच्या सर्व्हरमध्ये बसलेला असतो, उपग्रहावरून किंवा हार्डडिस्कवर. पण तो कुलूपबंद असतो. वितरकाकडून येणारी डिजिटल चावी फक्त आमच्याच सर्व्हरला लागते आणि ठरलेल्या तारखांपुरती चालते. मुदत संपली की पिक्चर आत असून नसल्यासारखा. मागच्या सिनेमाचा हिशोब थकला असेल, तर ही चावी कधी कधी पहिल्या खेळाच्या तोंडावर येते, आणि तोवर मी अंगणात येरझाऱ्या घालत असतो. आज आली आहे. अंघोळीला जायला हरकत नाही.

आमची टॉकीज सांगली जिल्ह्यात, एका तालुक्याच्या गावात. एक पडदा, खाली स्टॉल, वर बाल्कनी. खेळ बारा, तीन, सहा, नऊ.

सकाळी ८.३०

भाच्याने व्हॉट्सॲपवर लिंक पाठवली. खाली लिहिलंय, ‘मामा, तुमचा पिक्चर आला बघा.’ पोरगं चिडवतंय. आमचा पहिला खेळ अजून साडेतीन तासांवर आहे.

यात चमत्कार काही नाही. मोठे हिंदी सिनेमे आखातात बऱ्याचदा गुरुवारीच लागतात. तिथे कुणीतरी मांडीवर मोबाइल उभा धरतो आणि इथे शुक्रवारी चहाच्या आधी प्रत हजर. लिंक मी उघडली नाही, पण असल्या प्रती पाहिलेल्या आहेत. चौकट वाकडी, समोरच्याचं डोकं अर्ध्या पडद्यावर, संवादापेक्षा खोकला मोठा, आणि कोपऱ्यातून जुगाराच्या कुठल्यातरी ॲपची जाहिरात सरकत जाते. फुकट म्हणतात त्या पिक्चरचे पैसे कोण भरतं, ते त्या सरकत्या पट्टीवर लिहिलेलं असतं.

पूर्वी हे दुखणं वेगळ्या रूपात होतं. मुंबईत लागलेला सिनेमा आमच्या गावात यायला कित्येक आठवडे लागत. प्रिंटा मोजक्या, त्या आधी शहरांत झिजायच्या, मग रिळांच्या पेट्या एसटीच्या टपावरून आमच्याकडे. तोवर बाजारपेठेतल्या व्हिडिओ सेंटरवाल्याने तोच पिक्चर दोन-दोन रुपये घेऊन गावाला दाखवलेला असे. २००५ नंतर उपग्रहावरून सिनेमा पोचवणं सुरू झालं आणि आमचा शुक्रवार मुंबईच्या शुक्रवाराला येऊन मिळाला. व्हिडिओवाला बसला. आम्हाला वाटलं, सुटलो.

सकाळी १०.००

ऑफिस. आज दिवसातलं खरं भांडण इथे आहे, तिकिटाच्या दराचं.

आमचे नेहमीचे दर स्टॉल १०५, बाल्कनी १५०, करासकट. वितरकाचा माणूस फोनवर म्हणतो, मोठा पिक्चर आहे, स्टॉल १२० करा. सगळीकडे वाढलेत. मी कागद पुढे ओढला.

सप्टेंबर २०२५ पासून मूळ दर १०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के, त्याच्या वर गेला की १८ टक्के. म्हणजे १०५ च्या तिकिटात मूळ दर पूर्ण १०० आणि कर ५. आता १२० चं तिकीट घ्या. त्यातला मूळ दर १०१ रुपये ६९ पैसे आणि कर १८ रुपये ३१ पैसे. माणसाच्या खिशातून १५ रुपये जास्त गेले, त्यातले १३ रुपये ३१ पैसे सरकारकडे. उरला १ रुपया ६९ पैसे. पहिल्या आठवड्याचा वाटा निम्मा-निम्मा ठरलाय, म्हणजे वितरकाला ८५ पैसे, मला ८४. एवढ्यासाठी मी शेतातून आलेल्या माणसाला खिडकीवर १५ रुपयांचा धक्का द्यायचा?

त्याला हे वाचून दाखवलं. तो म्हणाला, ‘मग १५० करा की.’ हा त्यांचा हिशोब. शहरात चालतो, कारण तिथला प्रेक्षक आधीच त्या पायरीच्या वर उभा आहे. देशातल्या सर्वात मोठ्या मल्टिप्लेक्स साखळीचं सरासरी तिकीट २६० रुपयांच्या आसपास आहे आणि खाण्यापिण्यावर माणशी १३० च्या आसपास खर्च होतो, असं तिचेच ताळेबंद सांगतात. चौघांचं घर धरा, पंधराशेच्या वर गेलं, पेट्रोल आणि पार्किंग वेगळं. सरासरीत सकाळचे स्वस्त खेळ आणि सवलतीचे वारही आले. शनिवारी संध्याकाळी याच्यात भागत नाही.

कराचंच बोलायचं तर जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा शंभराच्या वर २८ टक्के होता, जानेवारी २०१९ पासून १८ झाला. लोक अजून विचारतात, पिक्चर टॅक्स फ्री आहे का? ‘छावा’च्या वेळी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, हा प्रश्न खिडकीवर रोज होता. मुख्यमंत्र्यांनी तेव्हा सांगितलं ते खरंच होतं: राज्याचा करमणूक कर २०१७ मध्येच गेला, माफ काय करणार? त्यात मराठी सिनेमाचं मात्र वाईट झालं. त्याला करमणूक कर मुळात नव्हता; जीएसटी आला आणि तो हिंदीच्या रांगेत येऊन उभा राहिला.

अर्धा तास भांडून स्टॉल १०५ वर राहिला. बाल्कनी १८० झाली. हरलो म्हणा किंवा तडजोड म्हणा.

सकाळी ११.३०

खिडकी उघडली. एक जोडपं, दोन मुलं, सोबत आजी. नवऱ्याने बाल्कनीचा दर वाचला, बायकोकडे पाहिलं. बायको म्हणाली, ‘आपण खालीच बसू, वरनं काय जास्ती दिसतंय?’ पाच स्टॉल, ५२५ रुपये. लहान्याला मांडीवर घेऊ, आजी म्हणाल्या, बुकिंग क्लार्कने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. ४२०.

मल्टिप्लेक्समध्ये ही मान हलवता येत नाही. तिथे सीट आधी संगणक विकतो.

दुपारी १२.००

पहिला खेळ. स्टॉल अर्धा, बाल्कनीत वीसेक माणसं. शुक्रवारी दुपारी आमच्याकडे एवढंच.

दिवे गेले की डोअरकीपर मामा आणि मी आत उभे राहतो. बॅटरीचा उजेड पायाशी, नजर छातीच्या उंचीवर. कुणाचा मोबाइल उभा आणि स्थिर दिसतोय का, ते बघायचं. मेसेज वाचणाऱ्याचा हात हलतो, चोरणाऱ्याचा हलत नाही. नायकाच्या एंट्रीला मात्र सगळे हात एकदम वर जातात. दहा-पंधरा सेकंदांचं शूटिंग, शिट्टीसकट, लगेच स्टेटसला. नव्या कायद्याच्या डोळ्याने हाही गुन्हाच ठरू शकेल. २०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायदा बदलला. थिएटरमध्ये परवानगीशिवाय चित्रण केलं तर किमान तीन महिने, जास्तीत जास्त तीन वर्षं कैद, आणि दंड तीन लाखांपासून सिनेमाच्या निर्मितिखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत. आपल्या राज्याने त्याआधीच, २००९ मध्ये, व्हिडिओ पायरेटला एमपीडीएमध्ये, म्हणजे स्थानबद्धतेच्या कायद्यात, घातलं होतं, झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाल्यांच्या पंगतीला. मामांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘मग शिट्टी मारणाऱ्या पोरांना कुठल्या पंगतीला बसवायचं?’ मी त्यांना खांद्यावर हळूच थाप मारायला सांगतो. पोरं फोन खिशात घालतात. त्यांच्या त्या स्टेटसने तीनच्या खेळाला दहा तिकिटं जास्त जातात, हेही मला ठाऊक आहे.

पण खरी भीती वेगळी. पडद्यावरच्या चित्रात आणि आवाजात एक अदृश्य खूण पेरलेली असते. कुठल्या सर्व्हरवर, किती तारखेला, किती वाजता हा खेळ झाला, ते त्यात असतं. चोरीच्या प्रतीचा काही मिनिटांचा तुकडा हाती लागला, तरी तज्ज्ञ ती काढून थिएटरपर्यंत पोचू शकतात. म्हणजे एखाद्याने माझ्या हॉलमध्ये गुपचूप पिक्चर उतरवला, तर तो निघून जाईल, नाव माझ्या टॉकीजचं निघेल. पुढची चावी येईल का?

म्हणून सगळी चोरी थिएटरातून होते, असं कुणी म्हटलं की मी तावातावाने बोलतो. जून २०१६ मध्ये ‘उडता पंजाब’ लागायच्या दोन दिवस आधी इंटरनेटवर होता, आणि त्या प्रतीवर ‘फॉर सेन्सॉर’ अशी अक्षरं होती. ती प्रत कुठल्या टॉकीजमध्ये लागलेलीच नव्हती. बॅटरी मात्र आमच्याच हातात दिली जाते.

दुपारी ३.००

दुसरा खेळ सुरू करून जेवलो. मधल्या वेळेत एका मराठी सिनेमाच्या निर्मात्याचा फोन येऊन गेला. एक खेळ, निदान बाराचा, द्या. मी देऊ शकत नाही. मोठ्या पिक्चरची अट आहे, चारही खेळ त्याचेच. गेल्या वर्षी त्या निर्मात्याचा जो सिनेमा आम्ही लावला, तो आमच्या गावाने थोडा इथे आणि बराच मोबाइलवर पाहिला. त्याच्याकडे लिंका शोधून काढायला माणूस नाही, कोर्टात जायला वकील नाही. बड्या निर्मात्यांना २०११ पासून दिल्ली उच्च न्यायालयात अनोळखी चोरांविरुद्ध आगाऊ मनाई हुकूम मिळतात. २०१९ नंतर तर एक साइट बंद केली की तिची नव्या नावाने आलेली भावंडंही त्याच हुकमाखाली आणता येतात. हा माणूस सकाळी उठून स्वतःच यूट्यूबवर तक्रारी भरतो.

संध्याकाळी ५.१५

कॅन्टीनवाल्या मावशी पॉपकॉर्नची कढई तापवतात. कागदी पुडा ३० रुपये, वडापाव २०. बाहेरून शेंगदाणे आणले तर आम्ही झडती घेत नाही. मालकीहक्काने बाहेरचं खाणं अडवता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये म्हटलंय. पिण्याचं पाणी मात्र फुकट ठेवायलाच हवं. शहरातली थिएटरं या निकालावर उभी आहेत असं म्हटलं तरी चालेल, कारण तिकिटाचा निम्मा भाग वितरकाला जातो, पॉपकॉर्नचा एकही दाणा जात नाही. मला त्यांचा राग येत नाही. एसी, लिफ्ट, मॉलचं भाडं, कशातून भरणार? पण मग पॉपकॉर्न महाग म्हणून माणूस सिनेमाला येत नाही, आणि माणूस येत नाही म्हणून पॉपकॉर्न आणखी महाग.

संध्याकाळी ६.००

आजचा चांगला खेळ. स्टॉल भरला, बाल्कनी निम्मी. बाहेर कठड्याला टेकून शेजारच्या सलूनमधला पोरगा उभा. आत चल म्हटलं.

‘बघितला की भाऊ. दुपारी. दुकानातच, फोनवर.’

‘काही कळलं का?’

‘डोकीच दिसत होती निम्मी. पण स्टोरी कळली.’

‘मग आता तिकीट काढून नीट बघ.’

‘सुट्टी मंगळवारी. तोवर गिऱ्हाईक विचारणार, पिक्चर कसाय? नाही बघितला म्हणून कसं सांगू?’

याचं मला कधी उत्तर सापडत नाही. १०५ रुपये त्याच्याकडे आहेत. आजचे तीन तास नाहीत. २०२३ साली चोरीच्या मनोरंजनाचा बाजार २२,४०० कोटींचा होता, त्यात थिएटरच्या सिनेमांचा वाटा १३,७०० कोटी, असा एका मोठ्या सल्लागार संस्थेचा अहवाल आहे. एवढा मोठा आकडा वाचला की मला हा पोरगा आठवतो. तो त्या कोटींत नुकसान म्हणून धरायचा का? लिंक नसती तर तो मंगळवारी आला असता, कदाचित. आणि जे आखातातून आलेलं बघून गप्प बसतात, पाच जणांचे पाचशे वाचवतात, ते वेगळे. दोघांना एकाच काठीने हाकलं जातं. एकाला दर नडतो, दुसऱ्याला वार. आम्ही शुक्रवार ते रविवार एवढंच विकतो आणि मंगळवारी पंखे रिकाम्या खुर्च्यांवर फिरवतो.

दौंडच्या एका तरुणाला ‘छावा’ची चोरीची प्रत ॲपवरून फिरवल्याच्या आरोपाखाली पकडलं, तेव्हा पेपरात बातमी आली. सलूनवाल्याने ती मला वाचून दाखवली होती, गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावता लावता.

रात्री ९.००

शेवटचा खेळ. कॉलेजची पोरं आणि ऊसतोडीचा हिशोब मिळालेली मंडळी. शिट्ट्या भरपूर. मामा आज आत उभे राहिले नाहीत, पाय दुखतात म्हणाले. मीच दोन फेऱ्या मारल्या.

रात्री १२.१०

डीसीआर, म्हणजे दिवसाच्या कलेक्शनचा तक्ता, भरला. चार खेळांची तिकिटं, वर्गवारीने; मूळ रक्कम, कर, वाटा. बाल्कनीचा कॉलम पाहून सकाळची तडजोड कितीला पडली ते समजलं. १५० ला एरवी सहाच्या खेळाला बाल्कनी भरते. आज निम्मी. वर बसणारी माणसं खाली आली नाहीत, घरी गेली.

वितरकाच्या माणसाला मेसेज लिहिला: सोमवार ते गुरुवार बाल्कनी १०५ करू द्या. मूळ दर १००, कर ५, तुमचे ५०, माझे ५०. १८० च्या तिकिटात तुमच्या वाट्याला ७६ येतात, पण निम्म्याच खुर्च्यांचे. त्याखाली चारही खेळांचे आकडे जोडले.

इतक्या रात्री उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. लगेच आलं. ‘रविवारचं कलेक्शन बघून सांगतो.’

ऑपरेटरला म्हटलं, उद्याचा बोर्ड आजच्याच दरांनी लाव.