पैलवानाचा उतार कसा ओळखायचा?

राहुल आवारे संपला, असं मराठवाड्यातल्या तालमींच्या ओट्यावर आजवर कितीतरी वेळा बोललं गेलं. 2016 मध्ये तो रिओला गेला नाही तेव्हा बोललं गेलं. 2018 मध्ये त्याने गोल्ड कोस्टहून राष्ट्रकुल स्पर्धेचं सुवर्ण आणलं तेव्हा बोलणारे गप्प झाले, आणि टोकिओच्या चमूत त्याचं नाव दिसेना तेव्हा पुन्हा तेच सुरू झालं. आमच्या अहमदपूरकडे कुस्ती जाणणारी माणसं पुष्कळ आहेत. नांदेड रस्त्याने लोह्याच्या अलीकडे माळेगाव लागतं. तिथे मार्गशीर्षात खंडोबाची जत्रा भरते, आणि घोड्यांच्या बाजाराइतकीच तिथल्या कुस्त्यांच्या दंगलीची वाट पाहिली जाते. अशा जाणत्या मुलखात एखाद्या मल्लाला इतक्या लवकर मोडीत काढलं जातं, याचं मला वाईट वाटतं. म्हणून हा प्रश्न एकदा नीट तपासू या. पैलवानाची कारकीर्द उतरणीला लागली हे नेमकं कशावरून ठरवायचं?

राहुलचा जन्म 1991 चा, बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा. वडील बाळासाहेब स्वतः पैलवान, धाकटा भाऊ गोकुळही कुस्तीतलाच. पोरगं लहान असतानाच पुण्याला गोकुळ वस्ताद तालमीत आलं आणि हरिश्चंद्र बिराजदारांच्या हाताखाली घडलं. बिराजदार आमच्या लातूर जिल्ह्यातले, निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे. 1969 ची महाराष्ट्र केसरीची गदा त्यांनी लातुरातच, आपल्या माणसांसमोर जिंकली. 1970 मध्ये एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांना सुवर्णपदक मिळालं, 1972 मध्ये ते रुस्तुम-ए-हिंद झाले. बेळगावच्या मैदानात त्यांनी सतपालला हरवलं ती कुस्ती जुनी माणसं आजही डाव न् डाव सांगतात. अशा वस्तादाचा पट्ठा म्हटल्यावर लोकांच्या अपेक्षा मोठ्या असणारच.

पट्ठ्याने त्या पुऱ्याही केल्या. 2008 मध्ये पुण्यातल्या युवा राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण, 2011 मध्ये ताश्कंदला आशियाई स्पर्धेत कांस्य. त्याच वर्षी सप्टेंबरात बिराजदार गेले. वीस वर्षांच्या पोराच्या डोक्यावरून वस्तादाचं छत्र गेलं, आणि पुढची जबाबदारी काका पवारांनी उचलली. तेही लातूरचेच, ग्रीको-रोमन कुस्तीतले अर्जुन पुरस्कारविजेते. पुण्यात कात्रजजवळ त्यांनी उभारलेल्या संकुलात मराठवाड्यातल्या कितीतरी पोरांची सोय झाली आहे.

खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते. राहुल 55 आणि नंतर 57 किलोचा मल्ल. भारतात सगळ्यात जास्त गर्दी असलेला हा गट. 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 55 किलोत अनिलकुमार खेळला आणि त्याने कांस्य घेतलं. 2014 मध्ये ग्लासगोला 57 किलोत अमितकुमार सुवर्ण घेऊन आला. 2016 मध्ये रिओला संदीप तोमर गेला. 2019 पासून त्या गटात रवी दहिया आला आणि टोकिओला त्याने रौप्य घेतलं. त्याच्या पाठोपाठ अमन सेहरावत आला, त्याने पॅरिसला कांस्य घेतलं. ही यादी सलग वाचली की एक गोष्ट ध्यानात येते. जगातल्या पहिल्या पाच-सहांत बसतील असे दोन-तीन मल्ल या देशात एकाच वजनात एकाच वेळी उभे असतात, आणि मोठ्या स्पर्धेला जाता येतं एकालाच. बाकीचे घरी थांबतात. घरी थांबलेल्या मल्लाला आपण संपलेला म्हणतो. निवड न होणं वेगळं आणि उतार लागणं वेगळं, हा पहिला फरक.

दुसरी बाब वजनाची. मॅटवरच्या कुस्तीत 57 किलो म्हणजे काट्यावर 57. एरवी तो मल्ल साठ-बासष्ट किलोचा असतो. पूर्वी स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी वजन व्हायचं, रात्रभरात खाऊन-पिऊन अंगात जीव यायचा. 2018 पासून जागतिक संघटनेने नियम बदलला. आता खेळाच्या दिवशी सकाळी वजन होतं आणि दुसऱ्या दिवशी खेळायचं असेल तर पुन्हा सकाळी काट्यावर उभं राहावं लागतं. पॅरिसमध्ये अमनला कांस्यपदकाच्या लढतीआधी दहा तासांत 4.6 किलो वजन उतरवावं लागलं. रात्रभर तो मॅटवर घाम गाळत होता, गरम पाण्याने आंघोळ करत होता, पळत होता. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता म्हणून हे जमलं. त्याच स्पर्धेत विनेश फोगाट शंभर ग्रॅमने अपात्र ठरली. तिशीकडे झुकलेल्या शरीराला हे असलं वजन उतरवणं दरवेळी जास्त महागात पडतं. डाव विसरलेला नसतो, ताकदही असते, पण पाणी काढून टाकलेल्या अंगात शेवटच्या मिनिटाला श्वास पुरत नाही.

राहुल 61 किलोत गेला तो याच टप्प्यावर. सप्टेंबर 2019 मध्ये कझाकस्तानात नूर-सुलतानला जागतिक स्पर्धा झाली. उपांत्य फेरीत तो जॉर्जियाच्या बेका लोमताद्झेकडून हरला, आणि कांस्यपदकाच्या कुस्तीत त्याने अमेरिकेच्या टायलर ग्राफला 11-4 असं हरवलं. त्या स्पर्धेत भारताला पाच पदकं मिळाली, त्यातलं एक पाटोद्याच्या पोराचं. पुढे फेब्रुवारी 2020 मध्ये दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत याच गटात त्याला पुन्हा कांस्य मिळालं. अडचण एवढीच की 61 किलो हा गट ऑलिम्पिकमध्ये नाही. जागतिक स्पर्धेत फ्रीस्टाइलचे दहा गट असतात, ऑलिम्पिकमध्ये सहाच. 57 च्या वर एकदम 65. म्हणजे राहुलची कुस्ती सगळ्यात पिकलेली होती त्या वेळी ऑलिम्पिकमध्ये तिच्यासाठी जागाच नव्हती. याला मी उतार म्हणणार नाही.

मग खरा उतार कुठे दिसतो? जाणता वस्ताद निकालाच्या तक्त्याकडे बघत नाही, कुस्तीकडे बघतो. फ्रीस्टाइलची कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन डावांची, मध्ये तीस सेकंद विश्रांती. पहिल्या तीन मिनिटांत आघाडी घेणारा मल्ल दुसऱ्या डावात सारखे गुण देऊ लागला, तर फुफ्फुसं आणि मांड्या थकल्याची ती खूण. दुसरी खूण अधिक बारीक आहे. एकेरी पट काढायला मल्ल वाकतो तेव्हा त्याचा गुडघा, खांदा आणि डोकं एकाच क्षणी आत शिरलं पाहिजे. उतरणीला लागलेल्या मल्लाचं डोकं आधी जातं आणि पाय मागून येतो. फरक निमिषाचा असतो, पण समोरचा तरुण तेवढ्यात अंगावर बसून मागे फिरतो आणि दोन गुण काढतो. मल्लाने स्वतःच सुरू केलेल्या डावावर गुण जाऊ लागले की वस्ताद मनात नोंद करतो. तिसरी खूण दुखापतीतून उठायला लागणारा वेळ. विशीत पंधरा दिवसांत बरा होणारा खांदा तिशीत तीन महिने घेतो.

गोल्ड कोस्टची अंतिम कुस्ती या दृष्टीने पुन्हा बघण्यासारखी आहे. समोर कॅनडाचा स्टीव्हन ताकाहाशी. गुण 15-7, म्हणजे कुस्ती एकतर्फी नव्हती. राहुलला मध्येच दुखापत झाली, मॅटवर उपचार झाले, तो कळवळत उठला आणि पुन्हा पटात शिरला. तेव्हा त्याचं वय सव्वीस. पदक त्याने बिराजदारांना अर्पण केलं. ती कुस्ती त्याचा कळस होती, आणि नूर-सुलतानचं कांस्य त्या कळसाच्याच उंचीचं. त्यानंतर मल्ल म्हणून त्याचा काळ मावळतीकडे गेला, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. हलक्या गटांत चपळाईवर सगळं चालतं, आणि चपळाई विशीतच सर्वांत जास्त असते. योगेश्वर दत्तने 2012 मध्ये लंडनला 60 किलोत कांस्य घेतलं ते एकोणतिसाव्या वर्षी. चार वर्षांनी रिओत तो पहिल्याच कुस्तीत बाहेर पडला. क्युबाच्या मिहाईन लोपेसने पॅरिसला पाचवं ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलं तेव्हा तो जवळजवळ बेचाळीस वर्षांचा होता. पण तो 130 किलोचा ग्रीको-रोमन मल्ल. त्याचा हिशेब 57 किलोच्या पोराला लावता येत नाही.

राहुलला 2020 मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला आणि त्याच सुमारास तो महाराष्ट्र पोलिसांत उपअधीक्षक झाला. खाशाबा जाधवांची आठवण इथे येतेच. 1952 मध्ये हेलसिंकीला स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळवलेले खाशाबा पुढे पोलिसांत फौजदार म्हणून लागले. मेलबर्नचं स्वप्न त्यांच्या गुडघ्याने मोडलं. कुस्ती संपल्यावर त्यांच्या वाट्याला फार उपेक्षा आली. आजच्या मल्लाला थेट वरच्या पदावर नेमणूक मिळते, ही गोष्ट चांगलीच आहे. वर्दीतही कुस्ती चालू राहू शकते: तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेल्या विजय चौधरीने पोलीस अधिकारी असताना 2023 मध्ये कॅनडात विनिपेगला जागतिक पोलीस स्पर्धेत सुवर्ण जिंकलं. पण बंदोबस्त आणि तपास सांभाळून रोज दोन वेळा मेहनत करणं कठीण आहे, हेही तितकंच खरं.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. बिराजदारांची मल्ल म्हणून कारकीर्द थांबली तेव्हा त्यांच्या वस्तादकीला सुरुवात झाली. ती नसती तर राहुल घडला नसता. काका पवार मॅटवरून उतरले आणि जानेवारी 2020 मध्ये त्यांचे दोन पट्ठे महाराष्ट्र केसरीच्या अंतिम कुस्तीत समोरासमोर आले: नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि आमच्या लातूरचा शैलेश शेळके. हर्षवर्धन 3-2 ने जिंकला आणि जिंकल्याबरोबर त्याने शैलेशला खांद्यावर उचलून घेतलं. एकाच तालमीत एकाच खुराकावर वाढलेली ती पोरं. म्हणून पैलवानाच्या उताराचा हिशेब नुसत्या पदकांच्या तक्त्यावर मांडला की तो अर्धवट राहतो.

आपल्याकडे मात्र मधल्या मल्लांचं काय होतं ते बघा. ज्याला उपअधीक्षकपद मिळत नाही, ज्याच्या नावावर गदा नाही, पण ज्याने पंधरा वर्षं लाल माती अंगाला लावली आणि ज्याचे कान मोडून गोळा झाले, असे मल्ल अहमदपूर, उदगीर, लोहा, कंधार या पट्ट्यात गावोगाव आहेत. तिशी ओलांडली की त्यांना जोड मिळत नाही, इनाम कमी होतं, खुराक परवडेनासा होतो, आणि एक दिवस ते मैदानात यायचेच बंद होतात. त्यांच्या अंगात मुरलेली विद्या त्यांच्याबरोबर शेतावर जाते किंवा पुण्या-मुंबईत पहारेकऱ्याच्या खोलीत बसते.

म्हणून माळेगावच्या दंगलीच्या आणि लातूरच्या सिद्धेश्वर जत्रेच्या संयोजकांना, तसंच गावोगावच्या यात्रा समित्यांना माझी विनंती आहे. शेवटच्या कुस्तीच्या इनामासाठी जसे लाखाचे आकडे जाहीर होतात, तसा त्या रकमेचा एक ठरावीक भाग आपल्या गावातल्या एका निवृत्त मल्लाच्या वर्षभराच्या मानधनासाठी बाजूला काढा, आणि त्याला संध्याकाळी तालमीत पोरं शिकवायला बसवा. यंदाच्या मार्गशीर्षापासूनच हे सुरू करता येईल.