अंदमानात डुबकी मारण्याआधी

नावं : हॅवलॉक आता स्वराज द्वीप, नील शहीद द्वीप (२०१८), पोर्ट ब्लेअर श्री विजयपुरम (२०२४). तिकिटांवर जुनी-नवी दोन्ही दिसतात.

हंगाम : नोव्हेंबर ते एप्रिल. समुद्र खवळला की फेरीबोटी रद्द. परतीच्या आधीची रात्र श्री विजयपुरमलाच काढा.

स्कूबा : नवख्यांना प्रशिक्षकासोबत १२ मीटरपर्यंत, ‘ओपन वॉटर’ प्रमाणपत्र असल्यास १८. खाली जाताना कानाला दडा बसतो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, दुखायची वाट पाहायची नाही. सर्दी असेल तर उतरूच नका.

विमान : शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तासांनी. शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा धोका असतो.

प्रवाळ : दगड नव्हे, सजीवांची वसाहत. किनाऱ्यावरचा मेलेला तुकडाही उचलू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार तो गुन्हा आहे.