परमुलखांतील यजमान



परदेशप्रवासाचीं वर्णनें आपण पुष्कळ ऐकलेलीं आहेत. पॅरिसचा लोखंडी मनोरा, रोमची जुनी रंगभूमि, व्हेनिसचे कालवे हीं स्थळें कधींहि न गेलेल्या माणसालासुद्धां चित्रांवरून तोंडपाठ झालीं आहेत. परंतु त्या शहरांत जीं माणसें राहतात तीं सकाळीं काय खातात, मुलांवर कशीं रागावतात, शेजाऱ्याशीं कशीं वागतात, हें आठ दिवसांत आठ शहरें उरकणाऱ्या प्रवाशाला बहुधा कळत नाहीं. हॉटेलांतील खोली मुंबईची काय आणि माद्रिदची काय, एकाच सांच्यांतली. म्हणून युरोपांत एक निराळी चाल पडली आहे. मित्रांनीं मिळून प्रवासास निघावें आणि मुक्काम मात्र तेथील रहिवाशांच्या घरीं, त्यांचे पाहुणे म्हणून करावा. ही चाल कशी निघाली, ती चालते कशी, आणि ती टिकविण्याचा भार कोणावर आहे, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

पुष्कळांना वाटतें कीं, हा केवळ भाडें वांचविण्याचा मार्ग आहे. वस्तुतः ह्या चालीला बळ मिळालें तें युद्धांच्या अनुभवांतून. १९०९ सालच्या ऑगस्टांत जर्मनींतील आल्टेना गांवचे शिक्षक रिचर्ड शिर्मान हे विद्यार्थ्यांस घेऊन पायीं सहलीला गेले असतां वादळी पावसांत सांपडले. रात्र एका खेड्यांतील शाळेंत गवत अंथरून काढावी लागली. सुटींत ओस पडणाऱ्या शाळांतून तरुण प्रवाशांची सोय कां होऊं नये, हा विचार त्या रात्रीं त्यांच्या मनांत आला, आणि त्यांतून तरुणांच्या पथिकाश्रमांची चळवळ उभी राहिली. पुढें पहिल्या महायुद्धांत हेच मास्तर शिपाई म्हणून व्हॉज पर्वतांत होते. १९१५ च्या नाताळांत समोरासमोरच्या खंदकांतील जर्मन व फ्रेंच शिपायांनीं आपण होऊन लढाई थांबविली आणि खाण्यापिण्याच्या जिनसांची देवघेव केली. सर्व देशांच्या तरुणांना एकमेकांस भेटण्यासाठीं जागा पाहिजे, हें त्यांना तेथें पटलें. शिक्षकाच्या धंद्यांत आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्याला ही हकीकत अभिमानाची वाटते.

पथिकाश्रमांत छप्पर मिळतें, घर मिळत नाहीं. तें पुढचें पाऊल दुसऱ्या महायुद्धानंतर पडलें. १९४९ सालीं डेन्मार्कमध्यें बॉब लुइटवायलर नांवाच्या अमेरिकन तरुणानें आपल्या सोबत्यांसह जें कार्य आरंभिलें, त्यांतून ‘सर्व्हास’ ही संस्था निघाली. हें नांव एस्पेरांतो भाषेंतलें असून त्यांत सेवेचा अर्थ आहे. १९५० सालीं, म्हणजे युद्ध संपून अवघीं पांच वर्षें झालीं असतां, फ्रान्समधील माँबेल्यार व जर्मनींतील लुडविग्सबुर्ग ह्या शहरांनीं जोडशहरांचें नातें जोडलें. १९६३ मध्यें ह्या दोन देशांनीं तह करून तरुणांच्या भेटीगांठींसाठीं एक संयुक्त कार्यालयच स्थापिलें. त्याच्या उपक्रमांत आजवर नव्वद लाखांहून अधिक तरुणांनीं भाग घेतला आहे. ज्या घरच्या कर्त्यानें फ्रेंचांवर बंदूक धरली होती, त्याच घरांत फ्रेंच मुलगा न्याहारीस बसूं लागला. अशा मुलाला पुढें कोणी सांगितलें कीं सारे जर्मन दुष्ट, तर तो तें सहजासहजीं मानणार नाहीं.

आपल्याकडील दोन मित्रांनींहि हा अनुभव घेतला आहे. १९६२ सालीं सतीशकुमार व मेनन हे अण्वस्त्रांचा निषेध करीत दिल्लीहून पायीं निघाले. आचार्य विनोबा भावे ह्यांनीं त्यांना सल्ला दिला कीं, जवळ पैसा ठेवूं नका. पैसा असला कीं माणूस खानावळ शोधतो. नसला कीं त्याला लोकांशीं बोलावेंच लागतें. ते दोघे मॉस्को, पॅरिस व लंडन येथें पोहोंचले आणि पुढें समुद्र ओलांडून वॉशिंग्टनला गेले. वाटेंत त्यांना थारा दिला तो अनोळखी माणसांनीं.

आतां ही व्यवस्था चालते कशी तें पाहूं. सर्व्हासमध्यें प्रवाशाची प्रथम संस्थेचा माणूस मुलाखत घेतो आणि त्याला परिचयपत्र देतो. प्रवासी यजमानांची यादी पाहून आगाऊ पत्र लिहितो. मुक्काम साधारणतः दोन रात्रींचा. पैशाचा व्यवहार मुळींच नाहीं. ‘एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशीं पई’ ही आपली म्हण त्या लोकांनीं ऐकलेली नसेल, पण मर्म ओळखलें आहे खास. एस्पेरांतो बोलणाऱ्यांची यजमानांची निराळी यादी १९७४ पासून आहे. २००४ पासून ‘काउचसर्फिंग’ नांवाच्या स्थळामुळें इंटरनेटवरून यजमान शोधतां येऊं लागले. मात्र २०२० पासून तेथें पुष्कळ देशांत वर्गणी भरावी लागते.

आपल्या लोकांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. शेंगेन करारांतील देशांच्या व्हिसासाठीं मुक्कामाचा पत्ता आणि निदान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा दाखवावा लागतो. फ्रान्समध्यें घरीं उतरावयाचें असेल तर यजमानाला आपल्या नगरपालिकेंतून तसा दाखला काढून पाठवावा लागतो. म्हणजे परक्या माणसासाठीं तो गृहस्थ कचेरीची पायरी चढतो आणि आपल्या सहीनें हमी देतो. बेत बदलला तर त्याला न कळवितां गप्प बसणें हा असभ्यपणा होय.

मित्रमंडळींसह जाणाऱ्यांना येथें एक अडचण येते. चार मराठी मित्र एका भाड्याच्या घरांत उतरले म्हणजे पहिल्याच रात्रीं खिचडी शिजते, आणि व्हिएन्नांत बसून गप्पा मात्र पुण्याच्या चालतात. यजमानाकडे चौघांना जागा क्वचितच असते. आणि ही अडचणच उपकारक ठरते. नेदरलँड्समधील युट्रेख्ट शहरीं आम्ही चौघे जुने सोबती दोन घरांत वांटले गेलों. संध्याकाळीं सहाच्या ठोक्याला जेवण, दुपारीं नुसता पाव नि चीज, हें पाहून माझा सोबती प्रथम कासावीस झाला. पण दुसऱ्या सकाळीं कालव्याच्या कांठीं आम्ही भेटलों, तेव्हां प्रत्येकापाशीं सांगण्यासारखें निराळें होतें. एका घरीं आजोबांनीं १९४४-४५ च्या हिवाळ्यांतील दुष्काळाच्या आठवणी सांगितल्या होत्या. त्या वेळीं तेथील लोकांनीं ट्यूलिपचे कंद खाऊन दिवस काढले. दुसऱ्या घरीं मुलीच्या परीक्षेवरून वाद चालला होता, अगदीं आपल्यासारखाच!

घरोघरच्या रीति वेगळ्या असतात. स्वीडन, पोलंड, चेक देश येथें जोडे दाराशीं काढतात. हें आपल्याला शिकवावें लागत नाहीं. पोलंडमध्यें फुलें न्यावयाचीं तर विषम संख्येनें न्यावीं, कारण सम संख्या दुखवट्याची. जर्मनींत रात्रीं दहानंतर व रविवारीं गोंगाट करूं नये, आणि ज्या रिकाम्या बाटल्यांवर अनामत असते त्या फेकूं नयेत, त्या दुकानांत परत देऊन पैसे घ्यावे. स्पेनमध्यें रात्रीचें जेवण नऊ-दहाला, तेव्हां भूक आवरावी. शाकाहारी माणसानें तसें पत्रांतच कळवावें, आणि एका वेळेचा स्वयंपाक आपण करावा. कांदेपोहे हे कोणत्याहि देशांत चालतात असा माझा अनुभव आहे.

ह्या शिष्टाचाराला आज विशेष महत्त्व आलें आहे. प्रवाशांच्या लोंढ्यानें तेथील नागरिक त्रासले आहेत. २०२४ च्या एप्रिलपासून व्हेनिसनें ठराविक दिवशीं, दिवसभरापुरत्या येणाऱ्या पाहुण्यांवर पांच युरोंची पट्टी बसविली. त्याच वर्षीं बार्सिलोना शहराच्या महापौरांनीं जाहीर केलें कीं, प्रवाशांना भाड्यानें देण्याच्या सुमारें दहा हजार घरांचे परवाने २०२८ नंतर चालूं ठेवावयाचे नाहींत. कारण गांवच्या माणसांनाच घरें मिळेनाशीं झालीं आहेत. अशा वेळीं जो प्रवासी रहिवाशाच्या दिवाणखान्यांत झोपतो, तो कोणाचें घर बळकावीत नाहीं. परंतु त्यानें घराची धर्मशाळा केली, उशिरां परतला, यजमानाशीं दोन शब्द न बोलतां दिवसभर बाहेर हिंडला, तर तें दार त्याच्यामागून येणाऱ्यालाहि बंद होतें.

शेवटीं ह्या पाहुणचाराची फेड पैशानें होत नाहीं. ती आपलें दार उघडूनच करावी लागते. आपल्या शहरांतील ब्लॉक लहान, हें खरें. परंतु बार्सिलोना-बर्लिनचीं बिऱ्हाडेंहि कांहीं राजवाडे नाहींत. पाहुण्याला तेथेंहि पुष्कळदां दिवाणखान्यांतील कोचच मिळतो. पुढील उन्हाळ्यांत ज्यांना युरोपास जावयाचें आहे, त्यांनीं ह्या हिवाळ्यांत एखाद्या परदेशी पाहुण्याला दोन रात्रीं आपल्या घरीं ठेवून पाहावें. यजमानाच्या अडचणी काय असतात हें त्यामुळें समजेल, आणि पाहुणा म्हणून कसें वागावें हेंहि पुस्तकावांचून कळेल.