खाऱ्या वाऱ्यातली जोडणी

तिरुवोत्तियूर सोडून एन्नोरच्या दिशेनं निघालं की उजव्या हाताला समुद्र येतो, आणि तो इतका जवळ असतो की दगडी बांधावर फुटलेल्या लाटेचे तुषार गाडीच्या टाकीवर बसतात. डावीकडे बंदराच्या वाटेवरचे कंटेनर ट्रेलर. पुढे कोसस्थलैयार नदीचं मुख. घरी परतून टाकी पुसली की फडक्याला मीठ लागतं. तेच मीठ हेडलाइटच्या मागे, सीटखाली, बॅटरीच्या कप्प्यातही जातं. तिथं मात्र फडकं पोचत नाही.

बुलेट याच पट्ट्यात भारतीय झाली. इंग्लंडातल्या रेडिचची रॉयल एनफिल्ड आणि मद्रास मोटर्स यांनी १९५५ साली एनफिल्ड इंडिया काढली आणि तिरुवोत्तियूरच्या कारखान्यात लष्करासाठी ३५० सीसीच्या गाड्या जुळवायला सुरुवात झाली. त्याआधी १९४८ साली स्थापन झालेल्या अशोक मोटर्सचा कारखाना एन्नोरला उभा राहिला होता, तीच कंपनी पुढे अशोक लेलँड झाली. १९६१ साली स्थापन झालेली ल्युकस-टीव्हीएस शहराच्या पश्चिमेला पाडीत गाड्यांचं विजेचं सामान बनवते. मोटारगाड्यांच्या वायरी ज्या शहरानं एवढ्या पाहिल्या, त्याच्याच किनाऱ्यावर त्या वायरींची सर्वांत कडक परीक्षा होते.

माझ्या जुन्या बुलेटची परीक्षा एका संध्याकाळी कत्तिवाक्कमजवळ झाली. हेडलाइटचा उजेड हळूहळू पिवळा पडत गेला आणि खड्ड्यात गाडी आपटली की विझून पुन्हा येऊ लागला. आधीच्या मालकानं कधीतरी जादा दिवे जोडून घेतले होते. टेप सोडवली, तर दोन वायरींना नुसता पीळ दिलेला, आणि पिळाला हिरवा रंग. पितळेच्या भांड्यात ताक राहिलं की ते कळकतं, हे आपण लहानपणापासून ऐकतो. तांब्याची वायरही अशीच कळकते, फक्त ती टेपखाली असल्यामुळे कुणाला दिसत नाही.

अशा जागी फार काही बिघडावं लागत नाही. ६० वॅटच्या बल्बला १२ व्होल्टवर ५ अँपिअर लागतात. जोडात ओहमचा जेमतेम दहावा भाग एवढा रोध आला, तरी अर्धा व्होल्ट तिथंच खर्च होतो आणि अडीच वॅटची उष्णता हरभऱ्याएवढ्या जागेत साठते. हॅलोजन बल्बला अर्धा व्होल्ट कमी मिळाला की उजेड दहा टक्क्यांहून जास्त घटतो. तापलेला जोड आणखी कळकतो, कळकलेला आणखी तापतो. चालवणारा बल्बला दोष देतो आणि नवा बल्ब आणतो.

मग झाळ द्यावी का? रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचं उत्तर तेच असेल, आणि रेडिओसाठी ते बरोबर आहे. मोटरसायकलचं दुखणं वेगळं आहे, ती थरथरते. एका सिलिंडरची बुलेट तर जास्तच. झाळ पातळ होऊन वायरीच्या तारांमध्ये आत चढते आणि चढेल तिथवर वायर काडीसारखी ताठ होते. ताठ भाग संपून मऊ भाग सुरू होतो त्याच रेषेवर हिसके बसत राहतात आणि एक दिवस तारा तिथंच तुटतात. वायरीला नीट आधार दिला तर झाळही टिकते, पण सीटखाली आणि हँडलपाशी तसा आधार क्वचितच मिळतो.

म्हणून क्रिम्पिंग. अमेरिकेत १९४१ साली सुरू झालेल्या एएमपी या कंपनीनं युद्धकाळातल्या विमानांसाठी आणि जहाजांसाठी झाळ न लागणारी टर्मिनलं बनवली. कल्पना साधी आहे, तिची करामत सगळी मापात आहे. वायरीच्या तारा धातूच्या नळीत घालायच्या आणि इतक्या जोरानं दाबायच्या की तारांमधली हवा निघून जावी. चांगला क्रिम्प आडवा कापून, घासून भिंगाखाली धरला तर गोल तारा गोल राहिलेल्या नसतात. एकमेकींना रेटून त्या मधाच्या पोळ्यासारख्या बसलेल्या दिसतात. जिथं हवा शिरत नाही तिथं मीठही शिरत नाही.

इथं हत्यार महत्त्वाचं ठरतं, आणि मी पैसे आधी त्याच्यावर घालवायला सांगेन. दुकानात स्वस्तात जी पक्कड मिळते, लाल, निळे, पिवळे ठिपके असलेली, तिच्यानं प्लास्टिकचं आवरण असलेली टर्मिनलं दाबता येतात, तीही हाताला जोर असेल तेवढीच. लाल ठिपका साधारण अर्धा ते दीड स्क्वेअर एमएमच्या वायरीचा, निळा दीड ते अडीचचा, पिवळा चार ते सहाचा. कपलरमधल्या, म्हणजे वायरी जोडायच्या प्लास्टिकच्या डबीतल्या, पिना निराळ्या असतात. त्यांना पंखांच्या दोन जोड्या असतात. पुढची जोडी उघड्या तारांना मिठी मारते, मागची वायरीच्या आवरणाला. पुढची वीज नेते, मागची थरथर सोसते. सपाट पकडीनं हे पंख चेपले जातात, वळत नाहीत. त्यांना बदामाच्या आकाराचा जबडा लागतो, पंखांची टोकं आत वळवून तारांमध्ये रुतवणारा. शिवाय रॅचेट हवं, म्हणजे पूर्ण दाब बसेपर्यंत पक्कड उघडतच नाही. माणूस दमतो, घाई करतो, शेवटच्या वायरीला जोर कमी पडतो. रॅचेट पहिल्या वायरीला जेवढं दाबतं तेवढंच चाळिसावीला.

तरीही महागडी पक्कड घेऊन काम फसलेलं मी पाहिलं आहे, कारण वायर, टर्मिनल आणि जबडा या तिघांचं माप जुळलं नव्हतं. वायर बारीक असली की लोक ती दुमडून जाड करतात. टर्मिनल लहान पडलं की दोन-चार तारा कापून टाकतात. दोन्ही प्रकार सोडून द्यावेत. माप जुळत नसेल तर दुसरं टर्मिनल आणावं. आणि ताणून बघावं. एक स्क्वेअर एमएमच्या वायरीच्या क्रिम्पनं आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार १०८ न्यूटन, म्हणजे सुमारे अकरा किलोंचा ताण सोसायला हवा. नव्या टर्मिनलची पहिली दोन मी नेहमी ओढून तोडतो. वायर तुटली तर ठीक, वायर सुटून आली तर जबडा बदलतो.

कनेक्टर निवडताना बुलेटवाल्यांचा एक जुना घोटाळा होतो. गोळीच्या आकाराच्या पिनेलाही बुलेटच म्हणतात, आणि त्या दोन मापांच्या असतात. जुन्या इंग्रजी पद्धतीची सुमारे ४.७ मिलिमीटरची, जपानी गाड्यांमधली ३.९ ची. बारीक पिन मोठ्या खोबणीत जाते, बसल्यासारखी वाटते आणि पहिल्या खडबडीत रस्त्यावर लूज होते. चपट्या पिनांमध्ये ६.३ मिलिमीटरची सर्वांत ओळखीची, हॉर्न आणि रिलेवर तीच असते. पुण्यात नाना पेठेत किंवा चेन्नईत जनरल पॅटर्स रोडवर जाताना जुनी पिन खिशात न्यावी आणि नवी तिच्याशी ताडून घ्यावी.

पितळेची नुसती पिवळी पिन समुद्राकाठी घेऊ नये, कथिलाचा मुलामा असलेली घ्यावी. आपल्या आज्या पातेल्यांना कल्हई लावून घेत, त्यामागचं कारण हेच. आणि जिथं पाणी थेट उडतं तिथं रबरी सील असलेले कपलर हवेत. डॉइच डीटी त्यांत नावाजलेले. त्यांच्या १६ नंबरच्या पिनेतून १३ अँपिअर जातात. प्रत्येक वायरीभोवती रबर घट्ट बसतं, त्यामुळे वायरीच्या आवरणाची जाडीही सीलशी जुळावी लागते. पण ते आकारानं मोठे असतात. जुन्या बुलेटच्या हेडलाइटमागे दहा डीटी कपलर कोंबायला जागा नाही. तिथं लहान सीलबंद कपलर बरे. जिथं पाणी पोचतच नाही तिथं साधा कपलर आणि थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस पुरतं.

हे सगळं हौशी लोकांपुरतं उरलेलं नाही. एप्रिल २०१७ पासून आपल्याकडे नव्या दुचाकीचा हेडलाइट दिवसाही जळत असतो, म्हणजे त्याच्या वायरीचा जोड इंजिन चालू असेपर्यंत तापत राहतो. एप्रिल २०२० मध्ये धुराच्या नियमांचा बीएस-६ टप्पा आला आणि बुलेटच्या इंजिनातही सेन्सर बसले. सेन्सरची वीज अगदी थोडी. बल्बच्या जोडात कळक आली तर उजेड मंदावतो. सेन्सरच्या जोडात आली तर इंजिनाला चुकीची बातमी मिळते, आणि गाडी का अडखळते हे शोधण्यात दिवस जातो.

त्या संध्याकाळी मी वायर हिरवट डागाच्या चार बोटं मागे कापली. उजळ तांबं लागेपर्यंत आणखी मागे गेलो, कारण कळक आवरणाखालून पुढे सरकत असते. काळी पडलेली वायर कितीही चांगल्या पकडीनं दाबली तरी व्यर्थ. नवा तुकडा जोडला, दोन्ही टोकांना सीलबंद कपलर बसवले, आणि वायरीला हँडल वळेल एवढी ढील ठेवली.

चेन्नईचा खरा पाऊस ऑक्टोबरात येतो, आपल्यासारखा जूनमध्ये नाही. तो येण्याआधीच्या रविवारी मी हेडलाइटची काच उतरवतो आणि एकेक कपलर सोडवून बघतो. यंदा सगळ्या पिना पांढऱ्या होत्या.