शॉकअपची पारख

1947 साली मुंबईत महिंद्र बंधूंच्या कारखान्यात विलीज जीपची जुळणी सुरू झाली आणि पुढील दशकांत, जिथे सडक संपून बैलगाडीची वाट लागत असे तिथपर्यंत, सरकारी अंमलाचा व खासगी साहसाचा पल्ला या वाहनाने लांबवला. परंतु त्या जीपच्या बुडाशी पोलादी पाट्यांच्या ज्या स्प्रिंगा होत्या, त्यांच्या एका उपजत गुणामुळे आपल्याकडच्या दोन पिढ्यांच्या चालकांना शॉकअप या वस्तूची खरी योग्यता कळण्याचा प्रसंग फारसा आला नाही, असे माझे मत आहे. एकावर एक रचलेले पाटे वाकताना परस्परांवर घासतात आणि हे घर्षणच गाडीच्या उसळीला काही अंशी आवर घालते. त्यामुळे शॉकअपमधले तेल गळून गेले, तरी जुनी जीप खडखडत का होईना, बेताच्या वेगाने वाट कापीत असे. 2020 साली आलेली नवी थार किंवा 2023 साली आपल्या बाजारात उतरलेली जिम्नी या दोन्ही गाड्यांना चारही चाकांवर वेटोळ्या स्प्रिंगा आहेत. वेटोळ्याच्या अंगी असे घर्षण जवळजवळ नसतेच. उसळी शमवण्याची सर्व जबाबदारी तिथे एकट्या शॉकअपवर येते, आणि म्हणूनच त्याच्या निवडीचा प्रश्न आजच्या फोर बाय फोरच्या मालकाला टाळता येण्यासारखा राहिलेला नाही.

गाडीचे वजन पेलणे हे शॉकअपचे काम नव्हे, ते स्प्रिंगेचे. टपावरचे कॅरियर, भरलेले पेट्रोलचे डबे आणि मागच्या बाकावरचे सामान यांनी मागून दबलेल्या गाडीला ‘कडक’ शॉकअप बसवला की ती पूर्ववत उभी राहील, ही समजूत अनेक गॅरेजांतून आजही रूढ आहे आणि तिच्यापायी पुष्कळांचा पैसा व्यर्थ जातो. चाक उंचवट्यावर चढले म्हणजे स्प्रिंग दबते आणि साठवलेली शक्ती लगेच परत फेकते. या फेकीला अटकाव करण्यासाठी शॉकअपमधला दट्ट्या तेलातून रेटला जातो, ते तेल झडपांच्या अरुंद वाटांतून जबरदस्तीने पलीकडे जाते, आणि या झगड्यात गतीचे रूपांतर उष्णतेत होते. ही उष्णता नळीच्या अंगावरून वाऱ्यात निघून जाणे हाच त्याच्या कार्याचा शेवटचा टप्पा होय. दुकानात हाताने दाबून जो कडकपणा अजमावला जातो, त्यावरून यांतले काहीच समजत नाही. तापल्यानंतर किती वेळ तो आपला रोध टिकवतो, यावर त्याचा दर्जा ठरतो.

पांगाँगपासून चुशूलमार्गे हानलेकडे जाणाऱ्या लडाखच्या वाळवंटी वाटांवर, जिथे अलीकडे महाराष्ट्रातील प्रवासी आपापल्या गाड्या घेऊन मोठ्या हौसेने जातात, कच्च्या रस्त्याच्या पृष्ठावर आडव्या लाटा उमटलेल्या आढळतात. या लाटांची उपपत्ती किथ मॅथर या ऑस्ट्रेलियन संशोधकाने 1963 साली प्रसिद्ध केलेल्या लेखात, वाळूच्या वर्तुळाकार वाटेवर चाक फिरवून केलेल्या प्रयोगांच्या आधारे मांडली : विशिष्ट वेगापलीकडे चाक स्वतःच्या उड्यांनीच त्या घडवते. दोन लाटांमधले अंतर पाऊण मीटर आणि गाडीचा वेग ताशी 54 किलोमीटर धरला, तर प्रत्येक चाकाला सेकंदाला 20 आणि मिनिटाला 1200 हादरे बसतात. अशा वाटेवर तासभर चालल्यावर तेल तापून पातळ होते, झडपांतून सहज निसटू लागते; त्यात हवा मिसळली तर फेस धरते, आणि फेसाळलेले तेल दट्ट्याला अडवू शकत नाही. चाक मग जमिनीला धरून न राहता तिच्यावरून नाचू लागते व वळणावर गाडी आडवी सरकते.

यावर शोधलेले उपाय दोन वळणांनी गेले. जुन्या व स्वस्त रचनेत एका नळीभोवती दुसरी नळी असते; आतल्या नळीत दट्ट्या, आणि बाहेरच्या पोकळीत जादा तेलाचा साठा व त्यावर हवा किंवा कमी दाबाचा वायू. आतली उष्णता साठ्याच्या तेलातून पार होऊनच बाहेर पडते, हा तिचा दोष. फ्रान्समधील क्रिस्तियाँ बूर्सिए द कार्बाँ याने एकाच नळीत तेल व उच्च दाबाचा नायट्रोजन तरंगत्या दट्ट्याने विभक्त ठेवण्याची जी रचना सिद्ध केली, ती जर्मनीतील बिल्स्टाइन कारखान्याने 1957 साली मर्सिडीज-बेंझच्या गाड्यांवर मोठ्या प्रमाणात आणली. तिच्यात तेलाला फेस धरण्यास वाव राहत नाही आणि उष्णता थेट बाहेरच्या भिंतीला भिडते.

तथापि तेवढ्यावरून एकनळी शॉकअप श्रेष्ठ ठरवणे मला मान्य नाही. त्याची बाहेरची भिंत हीच दट्ट्याची वाट असल्याने एखाद्या धोंड्याने तिला पोचा पाडला, तर दट्ट्या तिथेच अडकतो. दोननळीत असला आघात पुष्कळदा बाहेरच्या पोकळीवरच निभावतो. सह्याद्रीतल्या, कोकणच्या जांभ्या दगडातल्या आणि पावसाळी चिखलातल्या वाटांवर गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश चढते. तिथे चाकांचा वरखाली प्रवास मोठा, पण उष्णता थोडी असते. अशा मुलखात ज्याचे फिरणे, त्याने जाड भिंतीचा दोननळी शॉकअप घ्यावा; साठ्यातल्या वायूच्या जागी बंद छिद्रांचा फोम भरलेला मिळाला तर अधिकच उत्तम, कारण त्यात तेल व वायू एकमेकांत मिसळत नाहीत. लांबलांब पल्ले वेगाने, लाटाळ रस्त्यावर आणि भरल्या गाडीने काटणाऱ्याला मात्र एकनळीचा जादा खर्च सार्थकी लागतो. वेगळ्या टाकीचे महागडे शॉकअप शर्यतीच्या गाड्यांचे भूषण होत. कौटुंबिक सफरीला त्यांची गरज क्वचितच पडते.

खरेदीच्या वेळी दट्ट्याचा व्यास अवश्य विचारावा. 35 मिलिमीटरऐवजी 40 मिलिमीटर व्यास घेतला की क्षेत्रफळ सुमारे 30 टक्क्यांनी वाढते, तेवढाच रोध कमी दाबात साधतो आणि ऑइल सीलवरचा ताण हलका होतो. दांड्याचा क्रोमचा मुलामा निर्दोष हवा, कारण मुलाम्यावरची एक ओरखड सीलचा घात करते. सील व बुश सुटे मिळतात की नाही, हेही विचारून ठेवावे.

गाडी उंच करण्याची हौस असणाऱ्यांनी लांबीचा हिशेब आधी करावा. स्प्रिंग 50 मिलिमीटरने उंच केली आणि शॉकअप जुन्याच लांबीचा ठेवला, तर चाक खड्ड्यात लोंबकळताना त्याचा संपूर्ण भार शॉकअपच्या आतल्या टोकावर येतो. उलटपक्षी तो गरजेपेक्षा लांब असला, तर रबरी ठोकळा टेकण्यापूर्वीच दट्ट्या तळाला आदळतो. शिवाय मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 अन्वये, नोंदणीच्या दस्तऐवजातील तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरबदल करण्यास मनाई आहे; सबब उंचीत बदल करण्यापूर्वी परिवहन कार्यालयाकडे चौकशी करून घेणे इष्ट.

बसवलेला शॉकअप काम देतो की नाही, हे खडबडीत वाटेवरून वीसपंचवीस किलोमीटर गेल्यावर सहज कळते. गाडी सपाटीवर थांबवावी आणि चारही नळ्यांजवळ जपून हात न्यावा, कारण नळी चटका बसण्याइतकी तापलेली असू शकते. तीन गरम आणि एक थंड लागला, तर जो थंड आहे तो काम करीत नाही असे समजावे, आणि त्याच्या आसावरचे दोन्ही एकदम बदलावेत.