सोसायटीचं दप्तर बुडालं तर काय? महापुराआधी गावातल्या संस्थांनी करायची तयारी

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथली इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. म्हणजे धोक्याच्याही बारा फूट वर. नदीकाठच्या गावांनी तेव्हा आधी माणसं आणि जनावरं बाहेर काढली. अशा वेळी संस्थेचं दप्तर कोण आठवणार?

पाणी ओसरल्यावर आमच्या भागातल्या एका सोसायटीचं कपाट उघडलं, तेव्हा मी तिथं होतो. रजिस्टरांचा लगदा झाला होता. पान सोडवायला गेलं की शाई हाताला यायची. कॉम्प्युटर चिखलात. त्यातल्या माहितीची दुसरी प्रत पेनड्राइव्हवर होती, पण तो पेनड्राइव्ह त्याच टेबलाच्या खणात! पुढं कितीतरी दिवस सभासद पासबुकं घेऊन येत होते आणि सचिव त्यावरनं खाती परत लिहून काढत होते. ज्याचं पासबुकच वाहून गेलं, त्यानं काय दाखवायचं?

आपला सातबारा आणि आठ-अ सरकारच्या कॉम्प्युटरवर आहे. घरातला कागद भिजला तरी दुसरा निघतो. पण दूध संस्थेचं मापाचं रजिस्टर, सोसायटीची शेअर्सची नोंद, पतसंस्थेच्या तारणाचे कागद यांची दुसरी प्रत बऱ्याचदा कुठंच नसते. कर्जमाफी असो नाहीतर दुधाचं बिल, यादी शेवटी याच दप्तरातनं निघते. म्हणून दप्तर बुडालं की नुकसान सभासदाचं होतं.

आधी दोन प्रश्न विचारा

मोठ्या बँका आणि कंपन्या अशा संकटाची योजना आधीच लिहून ठेवतात. त्या योजनेच्या मुळाशी दोन साधे प्रश्न असतात.

पहिला: आपलं काम किती वेळ बंद राहिलं तर चालेल? सोसायटी आठ दिवस बंद राहिली तर निभावतं. दूध संस्था एक वेळही बंद राहून चालत नाही, कारण म्हैस पूर आलाय म्हणून दूध द्यायची थांबत नाही.

दुसरा: किती दिवसांच्या नोंदी बुडाल्या तर परत लिहून काढता येतील? कालच्या एका दिवसाचं माप लोकांच्या लक्षात असतं. दहा दिवसांचं कुणाच्याच नसतं. मग दूध संस्थेनं रोजच्या रोज प्रत काढायला पाहिजे. सोसायटीला आठवड्याला एकदा चालेल.

प्रती तीन, एक गावाबाहेर

कॉम्प्युटरवाल्यांचा एक जुना नियम आहे. माहितीच्या तीन प्रती ठेवा, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर ठेवा आणि त्यातली एक दुसऱ्या गावी ठेवा. एक प्रत कॉम्प्युटरमध्ये, दुसरी हार्ड डिस्कवर आणि तिसरी इंटरनेटवरच्या खात्यात किंवा माळावरच्या गावातल्या शाखेत. खात्याचा पासवर्ड एकट्या सचिवाकडं नको, दोघांकडं असावा. सभासदांची खाती व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मात्र टाकू नका.

विकास सोसायट्यांचं संगणकीकरण करायची योजना केंद्र सरकारनं जून २०२२ मध्ये मंजूर केली. तुमच्या सोसायटीत ते झालं असेल तर चांगलंच. तरी जुनी रजिस्टरं त्यात चढली का, हे विचारा. आणि पुरात लाइट गेली की थोड्या वेळानं टॉवरही बंद पडतो. म्हणून सभासदांची यादी आणि फोन नंबर कागदावर छापून, प्लास्टिकमध्ये घालून ठेवा.

काम कुठं आणि कुणी करायचं?

कार्यालयात पाणी आलं तर कुठं बसायचं, हे आज ठरवा. उंचावरची शाळा, मंदिराचा हॉल, शेजारच्या गावची संस्था, काहीही चालेल. दूध संस्थेनं शेजारच्या संस्थेशी आधीच बोलून ठेवावं: आमचा रस्ता बंद झाला तर आमचं दूध तुम्ही घ्या, तुमचा झाला तर आम्ही घेऊ.

कामं माणसांच्या नावानं वाटा. कपाटाची किल्ली कुणाकडं, फॅट मशीन कोण उचलणार, ट्रॅक्टर कुणाचा. प्रत्येक कामाला दुसरं नावही लिहा. सचिवाचं घर बुडत असताना तो कार्यालयात कसा येणार?

हे सगळं पाण्याच्या आकड्याला बांधा. उदाहरणार्थ, आयर्विनला ३५ फूट झालं की प्रत काढायची, ४० फुटाला दप्तर हलवायचं. वरच्या गावांनी आपल्या पुलाची किंवा घाटाची खूण धरावी. कपाट मात्र कायमचंच २०१९ च्या पाण्याच्या खुणेवर असलेलं बरं.

पाटणकरांसाठी वेगळी गोष्ट

पूर निदान चढताना दिसतो. दरड तेवढाही वेळ देत नाही. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी कोसळल्या आणि माणसं गेली. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंपही पहाटे झोपेत आला. अशा भागात ‘वेळ आली की हलवू’ म्हणून चालत नाही. तिथली प्रत बारा महिने दुसऱ्या गावी असली पाहिजे.

एकदा करून बघा

कागदावरची योजना खरी चालते का, हे करून बघितल्याशिवाय कळत नाही. २ मार्च २०२४ ला, शनिवारी सुट्टी असून, मुंबईच्या शेअर बाजारांनी मुद्दाम आपल्या दुसऱ्या, संकटकाळासाठीच्या केंद्रावरनं व्यवहार चालवून बघितले. एवढी मोठी यंत्रणा सराव करते, तर आपल्याला मे महिन्यातला एक रविवार काढायला काय हरकत आहे? त्या दिवशी कार्यालयाला कुलूप लावा आणि ठरलेल्या दुसऱ्या जागेवरनं, दुसऱ्या प्रतीवरनं पाच सभासदांची खाती काढून दाखवा. निघाली तर तयारी आहे. नाही निघाली तर जूनच्या आत दुरुस्तीला वेळ आहे.

यासाठी फार पैसा लागत नाही. एक हार्ड डिस्क, चार प्लास्टिकच्या पेट्या आणि मासिक सभेतला एक ठराव लागतो. सभासदांनीही आज एवढं करावं: पासबुकाच्या शेवटच्या पानाचा फोटो काढून बाहेरगावच्या लेकीला नाहीतर भावाला पाठवून ठेवावा. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा नंबर फोनमध्ये घालावा. आणि पुढच्या सभेत चहा यायच्या आधी उठून चेअरमनना विचारावं, “आपल्या दप्तराची दुसरी प्रत कुठं आहे?”